जुन्या खेळांचा तर्जुमा

हैदराबाद पाहावयास येणारा महाराष्ट्रीय पाहुणा बहुधा ठरल्या वाटेनेच हिंडतो. चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, हुसेनसागर आणि पाय पुरते दमल्यावर सालारजंग संग्रहालय. तेथे तो हस्तिदंती खुर्च्या आणि चिनी मातीची भांडी भराभर मागे टाकतो, पण एका घड्याळापाशी मात्र हटकून थांबतो. कुक आणि केल्वी या पेढीचे हे घड्याळ. तास भरण्याच्या आधीच समोरच्या जागा धरून माणसे बसलेली असतात. वेळ झाली, की एक दाढीवाला चिमुकला पुरुष दार उघडून बाहेर येतो, टोल देतो आणि पुन्हा आत जातो. दुसरा एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडी मारीत बसलेला असतो. १९५१ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून किती पिढ्यांनी या लोहाराचे घाव मोजले असतील, कोण जाणे!

यंत्र जपण्याची ही एक रीत झाली. मूळ वस्तू सांभाळावयाची, तिला तेलपाणी करावयाचे आणि ती चालती ठेवावयाची. परंतु जपणुकीची दुसरीही एक रीत आहे, आणि तिचाही या शहराशी जुना संबंध आहे. १९१७ साली निजाम सरकारने येथे ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे एक खातेच काढले. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथील सारे शिक्षण उर्दूतून द्यावयाचे, म्हणून गणित, वैद्यक, इतिहास, कायदा अशा विषयांचे ग्रंथ या खात्याने उर्दूत आणले. मूळ ग्रंथ विलायतेतच राहिला, पण त्यातील विद्या येथल्या मुलाच्या जिभेवर आली. १९४८ नंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले आणि हे खातेही राहिले नाही. मात्र वस्तू न हलविता तिचे चालणे-बोलणे दुसऱ्या भाषेत उतरविण्याची ती कल्पना आम्हांला एका अगदी वेगळ्या ठिकाणी, सिकंदराबादच्या संगणक बाजारात, पुन्हा भेटली. त्या भेटीची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असा विचार आहे.

निमित्त घरगुतीच होते. २००४ साली घेतलेला आमचा पेन्टियम-४ जातीचा संगणक माळ्यावर धूळ खात पडला होता आणि भंगारवाल्याची हाक दर रविवारी गल्लीत ऐकू येत होती. अशातच घरातील मुलांनी हट्ट धरला, की बाबा लहानपणी जे खेळ खेळत, ते आम्हांला दाखवा. हे खेळ म्हणजे विटीदांडू वा लगोरी नव्हेत. नाणे टाकून उभ्याने खेळावयाची जी कपाटाएवढी यंत्रे एके काळी जगभर बोकाळली होती, त्यांतील हे खेळ. जपानच्या तैतो कंपनीचा तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ सालचा. नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी केलेला ‘पॅक-मॅन’ १९८० चा, तर निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचा ‘डाँकी काँग’ १९८१ चा. आपल्याकडे ती कपाटे फार थोड्यांनी पाहिली. नव्वदीच्या दशकातील बहुतेक मुलांना हे खेळ भेटले ते टीव्हीला जोडावयाच्या ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या डब्यांतून, आणि तेही पुष्कळदा गल्लीतल्या दुकानात तासाच्या भाड्याने!

येथे हैदराबादच्या वाट्याचा मान सांगितला पाहिजे. अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘ईसीआयएल’, ही कंपनी १९६७ साली येथे निघाली. डॉ. ए. एस. राव हे तिचे प्रवर्तक. त्यांच्या नावाची वसाहत आजही शहराच्या ईशान्येस आहे. या कंपनीने १९६९ साली ‘टीडीसी-१२’, १९७५ साली ‘टीडीसी-३१६’ आणि १९७८ साली मायक्रोप्रोसेसरवर चालणारा ‘मायक्रो-७८’ असे संगणक बांधले. ज्या वर्षी जपानात एक मायक्रोप्रोसेसर मुलांना आकाशातून उतरणारी परग्रहवासीयांची फौज दाखवीत होता, त्याच वर्षी आमच्या शहरात दुसरा कामाला जुंपला गेला होता. तेव्हा हा विषय काही अगदीच परका नव्हे.

आम्ही निघालो ते सुलतान बाजारातून. हैदराबादी मराठी माणसाचे हे जुने माहेर. १९०७ सालची विवेकवर्धिनी आणि १९२२ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरातले. पूर्वी येथून सिकंदराबादेस जाणे म्हणजे बसमध्ये अर्धा दिवस घालविणे. २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रोची हिरवी मार्गिका सुरू झाली आणि ते कष्ट वाचले. सुलतान बाजार स्थानकात बसावे, परेड ग्राउंडला उतरून निळ्या मार्गिकेवर बदलावे आणि पुढच्याच पॅरडाइज स्थानकात बाहेर पडावे. बिर्याणीच्या वासाला न भुलता पार्क लेनकडे वळले, की चिनॉय ट्रेड सेंटर लागते. त्याला सारे जण ‘सीटीसी’ म्हणतात.

बाहेरून पाहता ही एक साधी व्यापारी इमारत. आत मात्र मजल्यामागून मजले संगणकांच्या दुकानांनी भरलेले. काही दुकाने नव्या मालाने झगमगणारी, तर काही इतकी अरुंद, की गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहूनच बोलावे. कोठे पोट उघडलेले लॅपटॉप ओळीने मांडलेले, तर कोठे कीबोर्डांची चळत छताला टेकलेली. कापडाच्या बाजारात चिंधीलाही किंमत असते, तसे येथे निकामी यंत्राच्या प्रत्येक अवयवाला मोल आहे.

जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानदारापुढे आम्ही आमची अडचण मांडली. नवे यंत्रच घ्यावे काय, असे विचारताच तो हसला. “नया नक्को साब, पुरानाच चल जाता,” असे त्याचे उत्तर. या एका वाक्याने आम्हांला फार आनंद झाला, आणि तो केवळ पैसे वाचले म्हणून नव्हे. दखनी बोलीतला हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच भाऊ, आणि ‘पुरानाच’मधला ‘च’ही मराठीतून तिकडे गेलेला. शेकडो वर्षांपूर्वी आपली भाषा शेजारणीच्या घरी राहावयास गेली आणि तेथे अशी रुळली, की बोलणाऱ्याला तिचे मूळ ठाऊकही नसते. जपणुकीच्या गोष्टी करीत असताना हे उदाहरण आयतेच समोर यावे, हा योग मोठा गमतीचा.

दुकानदाराने मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल बदलण्यास सांगितले, पंख्यातील धूळ काढून दिली आणि फुगलेले कपॅसिटर नाहीत ना, हे पाहून घेतले. खर्च किरकोळच आला. उरलेले काम ‘एम्युलेटर’ नावाच्या आज्ञावलीचे होते, आणि ते कसे चालते हे आम्ही पुढे सवडीने समजावून घेतले.

खेळाच्या प्रत्येक यंत्रात एक प्रोसेसर असे आणि त्याला एकच भाषा कळे. पॅक-मॅनच्या कपाटात ‘झेड-८०’ होता. त्याचे घड्याळ सेकंदाला ३० लाख ७२ हजार ठोके देई. आमच्या पेन्टियमचे ठोके सेकंदाला २४० कोटी, म्हणजे सुमारे ७८० पट. परंतु पेन्टियमला झेड-८० ची भाषा समजत नाही. येथे एम्युलेटर दुभाष्या होऊन उभा राहतो. जुन्या खेळातली एक आज्ञा वाचावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, पेन्टियमच्या भाषेत ती पार पाडावयाची आणि मग पुढची आज्ञा घ्यावयाची. एका जुन्या आज्ञेपायी नव्या यंत्राला अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात. शिवाय मूळ कपाटातील आवाजाची चिप, चित्र रंगविणारी मंडले आणि काठीचे धक्के या साऱ्यांचे सोंग त्या एकट्यालाच वठवावे लागते.

हे सर्व वेळेत झाले पाहिजे, ही खरी मेख आहे. चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात काम न आटोपल्यास दुभाष्या अडखळतो. मग आवाज तुटतो, किंवा मधली काही चित्रे गाळून वेळ भरून काढावी लागते. अशक्त यंत्रावर खेळ चालविण्याची सारी विद्या या १६ सहस्रांशांत कसे बसावे, एवढ्यापुरतीच आहे.

यावर कोणी म्हणेल, की यंत्र बळकट घ्या, म्हणजे झाले! पण नुसत्या बळाने हे काम साधत नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ शत्रू असतात. मूळ यंत्राचा इंटेल ८०८० प्रोसेसर बेताचा. त्यामुळे दर चित्रागणिक एकच शत्रू सरकविण्याची व्यवस्था होती. ५५ असताना फौज रांगत चाले, पण खेळणारा जसजसे शत्रू टिपी, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि त्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा तर वाऱ्यासारखा धावे. यंत्राची दुर्बलताच खेळाचा प्राण होऊन बसली होती. जोमदार यंत्राने ती दुर्बलता सुधारली, तर खेळ उरणार नाही. पॅक-मॅनचेही असेच. त्याच्या २५६ व्या फेरीत पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो, कारण फेऱ्यांची मोजणी एका बाइटात केलेली असून तीत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. चांगला दुभाष्या ही चूकही जशीच्या तशी सांगतो. मूळ वक्ता तोतरा बोलला, तर तेही ऐकविणे त्याचे कर्तव्यच ठरते.

या निष्ठेचे मोठे उदाहरण म्हणजे इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेली ‘मेम’ ही आज्ञावली. पुढे देशोदेशींच्या लोकांनी तिच्यात भर घातली आणि २०१६ पासून ती मुक्त परवान्याखाली आली. खेळणे हे तिचे पहिले उद्दिष्टच नव्हे. जुनी यंत्रे आतून नेमकी कशी चालत, हे लिहून ठेवणे हा तिचा हेतू. त्यामुळे वर्षागणिक ती अधिक अचूक झाली, आणि अचूकतेबरोबर जडही झाली. जी आवृत्ती काल जुन्या संगणकावर धावत होती, तिची आजची बहीण तेथे धापा टाकते. येथेच आमच्यासारख्यांपुढे खरा पेच पडतो. अगदी अचूक जपणूक हवी, तर बळकट आणि महाग यंत्र हवे. घरोघरच्या दुबळ्या यंत्रावर खेळ जिवंत राहावा असे वाटत असेल, तर थोडी उणीव पदरात घ्यावी लागते.

या पेचातून लोकांनी काढलेली वाट सुज्ञपणाची आहे. अचूक आवृत्ती पुढे जातच राहते, पण जुन्या आवृत्त्याही टाकून दिल्या जात नाहीत. २००३ सालची ०.७८ क्रमांकाची आवृत्ती अशक्त यंत्रांसाठी अजूनही वापरली जाते आणि ‘रेट्रोआर्च’सारख्या आज्ञावलीत ती ‘मेम २००३’ या नावाने मिळते. २०१२ साली इंग्लंडात निघालेला पत्त्याच्या कॅटएवढा ‘रास्पबेरी पाय’ हा ३५ डॉलरचा संगणकही तिच्या बळावर कितीतरी खेळ चालवितो. आम्हीही तीच जुनी आवृत्ती निवडली. चित्र गुळगुळीत करणारी सारी सजावट बंद केली, पडद्याची मापे लहान ठेवली आणि संगणकावर दुसरे कोणतेही काम चालू ठेवले नाही. एवढे केल्यावर २००४ च्या यंत्राने १९८० च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञा न अडखळता वाचल्या.

जुन्या टीव्हीची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या देशात टीव्हीची ‘पाल’ पद्धत. तिच्यात पडदा सेकंदाला ५० वेळा रंगविला जातो, तर हे खेळ ६० च्या तालावर बांधलेले. ५० च्या टीव्हीवर ते लावले, की चाल मधूनच लंगडते. तबलजी एका लयीत आणि गवई दुसऱ्या लयीत, असा प्रकार होतो. नव्वदीच्या दशकातील पुष्कळ रंगीत टीव्ही दोन्ही ताल ओळखतात. तसा टीव्ही मिळाल्यास रास्पबेरी पायच्या मांडणीत ६० चा ताल निवडावा.

आता परवानगीचा प्रश्न. एम्युलेटर वापरणे सरळ आहे, परंतु खेळ स्वतः कोणाच्या तरी मालकीचा असतो. कंपनीने त्याची विक्री थांबविली, म्हणून तो बेवारस होत नाही. फुकट मिळतो म्हणून कोठूनही उचलून घेणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. सुदैवाने काही खेळ मालकांनी आपण होऊन घरगुती वापरासाठी मोकळे केले असून ‘मेम’ची मंडळी ते वाटतात. १९८१ सालचा ‘रॉबी रोटो’ हा त्यांपैकी एक, आणि ‘ग्रिडली’ हा दुसरा. या ‘ग्रिडली’ची कथा चटका लावणारी आहे. १९८३ साली तो तयार झाला, पण बाजारात कधी आलाच नाही. ज्या कपाटासाठी तो लिहिला, ते कपाट दुकानात उभेच राहिले नाही. दुभाषे नसते, तर त्याचे नावही उरले नसते. आज तो सुलतान बाजारातल्या एका घरी, भंगारात निघालेल्या संगणकावर खेळला जातो. इतर प्रसिद्ध खेळ ज्यांना हवेत, त्यांच्यासाठी नामको, कॅपकॉम यांसारख्या कंपन्यांनी आपल्या जुन्या खेळांचे संच रीतसर विक्रीस आणलेले आहेत.

मूळ कपाटेच का जपू नयेत, असाही प्रश्न पडेल. जपावीत, अवश्य जपावीत! पण त्यांचा भरवसा किती? १९९३ साली निघालेल्या कॅपकॉमच्या ‘सीपीएस-२’ पाट्यांवर एक बॅटरी बसविलेली असे. खेळाच्या कुलपाची किल्ली तिच्या आधाराने स्मृतीत राही. बॅटरी संपली, की किल्ली पुसली जाई आणि खेळ कायमचा मुका होई. नक्कल होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज खुद्द खेळाच्याच मुळावर आली. पुढे अभ्यासकांनी ते कुलूप उलगडून ठेवले, म्हणून हे खेळ वाचले. वस्तू नाशवंतच असते, आणि जपणारा कितीही दक्ष असला, तरी एके दिवशी तिची बॅटरी संपते. तोपर्यंत तिचे बोलणे कोणी तरी दुसऱ्याच्या मुखी देऊन ठेवले असेल, तरच ते टिकावयाचे.

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. आमच्या घरांतही दोन प्रकारची जपणूक चालते. आजीची पैठणी आणि पणजोबांची पोथी आम्ही कपाटात ठेवतो, ती सालारजंगी रीत. मुले मात्र तेलुगू, उर्दू, इंग्रजीच्या गर्दीत वाढत असतात. त्यांच्या तोंडी मराठी टिकते ती थोडी लंगडत आणि मधूनमधून दखनी होत. व्याकरणाच्या कसोटीस ती पुष्कळदा उतरत नाही. तेव्हा केवळ शुद्धतेचाच हट्ट धरला, तर पोर गप्प बसते आणि बोलणेच थांबते. सारेच सैल सोडले, तर मूळ काय होते, हेच विसरले जाते. ‘मेम’वाल्यांप्रमाणे एक अचूक प्रत नीट सांभाळावी आणि एक हलकी प्रत रोजच्या वापरात खेळती ठेवावी, हाच मार्ग आम्हांला बरा दिसतो.

ज्या वाचकांच्या माळ्यावर असा एखादा जुना संगणक पडून असेल, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याला एक संधी द्यावी. आतील छायाचित्रे आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत. जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि ते इंटरनेटला जोडूनही ठेवू नये. मुलांच्या खेळाला त्याची गरज नसते. यंत्र खरोखरच निकामी ठरले, तर ते ई-कचरा रीतसर घेणाऱ्यांकडेच द्यावे, कारण जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते. आणि हैदराबादेस येणे झाले, तर चारमिनार पाहून झाल्यावर एक दुपार पार्क लेनसाठी राखून ठेवावी. घासाघीस करावयास संकोच करू नये. भाव फारच चढा वाटला, तर मनमोकळेपणाने “नक्को” म्हणावे. दुकानदाराला ते बरोबर समजते.